नवापूरचा बर्ड फ्लू आणि देशोदेशीचा कोंबडी-व्यापार

तापीकाठ (धागाकर्ता):

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेच्या अहवालाने नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये एच५एन१ विषाणू असल्याचे निश्चित झाले आणि भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या नावावर लागली. त्याआधीच शेडमधील मर वाढलेली होती आणि ही राणीखेत (कोंबड्यांचा दुसरा एक विषाणूजन्य रोग) आहे, असे अनेक पोल्ट्रीमालकांचे म्हणणे होते. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत आणि त्यानंतर मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर परिसरातही हा रोग सापडला. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूर पुन्हा बातम्यांत आले. विषाणू आला कुठून, या प्रश्नाला दोन्ही वेळी एकच उत्तर सर्वत्र ऐकू आले, ते म्हणजे स्थलांतरित पक्षी. हे उत्तर सर्वांनाच सोयीचे आहे, कारण पक्ष्यांना नोटीस बजावता येत नाही आणि त्यांच्यामागे कोणाचा कारखाना किंवा परवानाही नसतो.

या विषाणूचा जगातील प्रवास पाहिला, तर मात्र त्यात माणसाचा व्यापार जागोजागी दिसतो. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका हंसात या कुळाचा विषाणू प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारांतून तो माणसांपर्यंत पोहोचला. अठरा जणांना लागण झाली आणि त्यांपैकी सहा जण दगावले. हाँगकाँगच्या बाजारात येणाऱ्या कोंबड्या बहुतांश चीनच्या मुख्य भूमीवरून येत असत. त्या वर्षाच्या अखेरीस तेथील सरकारने दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या. २००१ साली दक्षिण कोरियात आणि २००३ साली जपानमध्ये चीनहून आयात केलेल्या बदकाच्या मांसाच्या तपासणीत एच५एन१ मिळाला, म्हणजे पक्षी मेल्यावर आणि त्याचे मांस गोठवल्यावरही विषाणूने समुद्र ओलांडला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये बँकॉकहून ब्रुसेल्सला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात नळ्यांमध्ये दडवलेले दोन गरुड सापडले आणि त्या दोघांमध्येही हाच विषाणू होता. त्यांची तपासणी झाली नसती, तर युरोपातील त्या विषाणूचा उगम शोधताना कदाचित पुन्हा पक्ष्यांच्या थव्यांकडेच बोट दाखवले गेले असते.

माझे म्हणणे असे आहे की आंतरराष्ट्रीय व्यापार या रोगाच्या प्रसारात किती वाटा उचलतो, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या भागातील पोल्ट्रीचे धोके नीट कळणार नाहीत. जाणकारांनी आपापली मते मांडावीत.

केळीपट्टा:

तापीकाठ भाऊ, मांडणी चांगली आहे, परंतु उदाहरणे निवडक आहेत. मे २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. त्यानंतर त्याच शाखेचा विषाणू रशिया, कझाकस्तान, तुर्कस्तान असे करत युरोपात आणि आफ्रिकेत गेला, आणि नवापूरला सापडलेला विषाणूही त्याच शाखेतला होता. पट्टकादंब हिवाळ्यात भारतातील जलाशयांवर येतात, ही गोष्ट पक्षीनिरीक्षकांना नवीन नाही. नवापूरपासून उकाईचा जलाशय फार लांब नाही. नवापूरच्या शेडमध्ये कोणी परदेशातून कोंबड्या आणल्याचा पुरावा मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. मग व्यापाराचे खापर नवापूरवर का फोडायचे?

निवृत्त पशुवैद्यक:

केळीपट्टा यांचा आक्षेप योग्य आहे आणि तो येथेच नीट तपासलेला बरा. नवापूरला विषाणू परदेशी कोंबड्यांतून आला, असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि मीही तसे म्हणणार नाही. पण 'पक्षी की व्यापार' असा एकच प्रश्न विचारला की आपण चुकीच्या वाटेने जातो. देशात पहिला शिरकाव कसा झाला हा एक प्रश्न आहे, आणि शिरकाव झाल्यावर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो कसा गेला हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगवेगळी असतात.

२००६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूंची जनुकीय जवळीक, पक्ष्यांचे स्थलांतर आणि कोंबड्यांच्या आयात-निर्यातीचे आकडे एकत्र ठेवून कोणत्या देशात विषाणू कोणत्या मार्गाने गेला असावा, याचा अंदाज त्यात बांधला होता. आशियातील प्रसाराचा मोठा भाग कोंबड्यांच्या व्यापाराकडे, युरोपातील प्रसार बहुतांशी रानपक्ष्यांकडे आणि आफ्रिकेतील प्रसार दोन्हींकडे जातो, असा त्याचा सर्वसाधारण निष्कर्ष होता. अमेरिका खंडात विषाणू पहिल्यांदा कोंबड्यांच्या व्यापारातून शिरेल आणि मग तेथील पक्ष्यांतून पसरेल, असेही भाकीत त्यात होते. ते खरे ठरले नाही. २०१४ साली या कुळाचा विषाणू पॅसिफिकच्या बाजूने रानपक्ष्यांबरोबर आला आणि २०२१ च्या अखेरीस अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला पोहोचला. म्हणजे पक्ष्यांचे पारडे हलके नाही. मात्र २०१४-१५ च्या त्या साथीत अमेरिकेत पाच कोटींच्या आसपास कोंबड्या आणि टर्की गमवाव्या लागल्या, आणि तेथील तपासात एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर विषाणू नेण्यात वाहने, अवजारे, कामगार आणि मेलेले पक्षी उचलणाऱ्या गाड्या यांचा मोठा हात असल्याचे दिसले. दार पक्ष्यांनी उघडले असेल, पण पुढे घरभर फिरवले माणसांनी.

आता २००६ च्या फेब्रुवारीकडे पुन्हा पाहू. नवापूरच्या दहा दिवस आधी, ८ फेब्रुवारीला, नायजेरियातील कडुना राज्यातील एका मोठ्या फार्मवर एच५एन१ सापडल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेतील ती पहिली नोंद. तेथे कोंबड्यांच्या आयातीवर बंदी असूनही पिल्ले आणि कोंबड्या चोरवाटेने येत होत्या, ही गोष्ट तेथील अधिकाऱ्यांनीच बोलून दाखवली होती. त्यानंतर लागोसजवळच्या फार्मवरील विषाणूंच्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की विषाणू नायजेरियात एकदाच शिरला नव्हता, तो वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे आत आला होता. हे स्थलांतरामुळे घडले की चोरट्या व्यापारामुळे, यावर वाद राहिला, पण कागदावरची बंदी विषाणूला थांबवू शकली नाही, याबद्दल वाद नाही.

व्यापारातून विषाणू जातो कसा, हेही थोडे तपशिलात सांगतो, कारण 'व्यापार' हा शब्द फार मोघम आहे. कोंबडीला या रोगाची तीव्र लागण झाली, तर ती काही दिवसांतच मरते; आजारी कोंबड्यांची गाडी लांबच्या प्रवासात लपत नाही. बदकांचे तसे नाही. कित्येक बदके विषाणू बाळगूनही धडधाकट दिसतात, खातात-पितात आणि विष्ठेतून विषाणू टाकत राहतात, म्हणून पूर्व आशियात बदकांची ने-आण हा सर्वांत कठीण प्रश्न ठरला. दुसरा धोका लागण आणि लक्षणे यांमधल्या दिवसांचा. निरोगी म्हणून प्रमाणपत्र मिळालेला कळप वाटेत आजारी पडू शकतो. तिसरा धोका मांसाचा. इंग्लंडच्या सफोक परगण्यात २००७ च्या फेब्रुवारीत एका टर्की फार्मवर विषाणू सापडला आणि सुमारे १ लाख ६० हजार टर्की माराव्या लागल्या. त्याआधी जानेवारीत हंगेरीतील हंसांमध्ये सापडलेल्या विषाणूशी तो ९९.९६ टक्के जुळत होता. फार्मच्या शेजारीच मांसप्रक्रियेचा कारखाना होता आणि तेथे हंगेरीहून अर्धप्रक्रिया केलेले टर्कीचे मांस येत असे. त्या मांसाबरोबर विषाणू आला असावा, हीच शक्यता सरकारी तपासात सर्वाधिक धरली गेली. ज्या देशात रोगाची नोंद होती, त्या देशातून रीतसर कागदपत्रांसह आलेला तो माल होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

चौथा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे विष्ठा लागलेल्या वस्तू: पिंजरे, ट्रे, खाद्याची पोती, बूट, गाडीची चाके. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार पक्ष्यांच्या विष्ठेत हा विषाणू ४ अंश सेल्सिअस तापमानात किमान ३५ दिवस आणि ३७ अंशांत ६ दिवस टिकतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा टिकाव लागणे कठीण. पण नवापूरच्या दोन्ही साथी फेब्रुवारीतल्या आहेत.

जळगावची वाचक:

पशुवैद्यक काका, एक साधी शंका आहे. मोठ्या दुकानांत गोठवलेले चिकन मिळते. वरील जपान-कोरियाच्या उदाहरणांवरून ते खाल्ल्याने लागण होऊ शकते, असे समजावे काय? आणि अंड्यांचे काय?

निवृत्त पशुवैद्यक:

ताई, आपल्या दुकानांतले गोठवलेले चिकन जवळपास सगळे देशातच तयार झालेले असते. गोठवल्याने विषाणू मरत नाही, उलट टिकतो, शिजवल्याने मरतो. मांसाच्या आतल्या भागाचे तापमान ७० अंशांवर गेले की पुरे, आणि आपल्याकडचा रस्सा त्याच्या पलीकडे उकळतो. बाधित कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर आणि आतही विषाणू मिळू शकतो, म्हणून साथीच्या काळात अर्धकच्चे अंडे टाळावे. धोका खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला, पिसे काढणाऱ्याला आणि शेड झाडणाऱ्याला अधिक असतो. २००६ साली नवापूर परिसरातील माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासले गेले आणि कोणालाही लागण झालेली आढळली नाही.

अंडी आणि ट्रे:

मी नवापूर भागातून अंडी उचलून गुजरात आणि मध्य प्रदेशात पाठवणारा लहान व्यापारी आहे, त्यामुळे पुस्तकी चर्चेत थोडी बाजारातली भर घालतो. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. २००६ साली रोग नवापूरला आणि पलीकडे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील उच्छलला, म्हणजे एकाच बाजारपेठेच्या दोन्ही अंगांना सापडला. राज्याची सीमा त्याला आडवी आली नाही. आमच्या धंद्यात अंडी एका दिशेने जातात आणि रिकामे ट्रे उलट दिशेने परत येतात. कोणता ट्रे कोणाच्या शेडमधून फिरून आला, याची नोंद कोणी ठेवत नाही. कागदाच्या लगद्याचा ट्रे धुता येत नाही, आणि तो एकदाच वापरून फेकणे कोणाला परवडत नाही. पशुवैद्यक साहेबांनी ज्याला चौथा धोका म्हटले, तो आमच्या गोदामात छतापर्यंत रचलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या कोंबड्यांची. अंडी देणे कमी झाले की लेयर कोंबडी मांसासाठी विकली जाते, तिला भाव कमी मिळतो आणि जिथे दोन पैसे जास्त मिळतील तिथे ती कितीही लांब जाते. मी वाचले आहे की चीनमधून व्हिएतनाममध्ये डोंगरातल्या वाटांनी नेमक्या अशाच कोंबड्या चोरून नेल्या जात, कारण सीमेच्या पलीकडे त्यांना जास्त भाव होता, आणि पकडलेल्या मालात विषाणूही सापडला. आमच्याकडे चोरटेपणा नाही, पण गणित तेच आहे. आणि शेडमध्ये मर सुरू झाल्यावर मालकाच्या मनात पहिला विचार उरलेला माल लवकर काढण्याचा येतो, हे मान्य करावे लागेल. २०२१ साली लेयर कोंबडीला जास्तीत जास्त ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये भरपाई होती. कळवले तर ही भरपाई आणि पुढे कित्येक महिने रिकामी शेड. न कळवता विकले तर आजचा भाव. सरकारने या हिशोबाकडे पाहिल्याशिवाय 'वेळेत कळवा' या आवाहनाला फारसा अर्थ नाही.

तापीकाठ:

हे फार महत्त्वाचे आहे. शेडच्या मालकाला लागू होणारा हा हिशोब देशांनाही जसाच्या तसा लागू होतो. रोग जाहीर केला की आयातदार देश दारे लावतात, निर्यात बुडते. म्हणून जाहीर करायला उशीर करण्याचा मोह होतो. २००३ च्या अखेरीस आणि २००४ च्या सुरुवातीला थायलंडवर नेमका हाच आरोप झाला होता. जगातील मोठ्या कोंबडी निर्यातदारांपैकी तो एक देश, आणि रोग मान्य करायला लावलेला वेळ त्याला पुढे महागात पडला.

धुळ्याचा वकील:

बंदीचा विषय निघालाच आहे, तर भारताचे स्वतःचे उदाहरण येथे यायला हवे. नवापूरनंतर, २००७ पासून, पशुधन आयात अधिनियम, १८९८ खाली भारताने बर्ड फ्लूची नोंद करणाऱ्या देशांतून कोंबड्या, अंडी, मांस वगैरेंच्या आयातीवर बंदी घातली. यात तीव्र आणि सौम्य असे दोन्ही प्रकार धरले होते. अमेरिकेत तेव्हा कित्येक वर्षे सौम्य प्रकाराचीच नोंद होत होती, म्हणून मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तंटा मंडळाचा अहवाल भारताच्या विरोधात गेला आणि ४ जून २०१५ रोजी अपील मंडळानेही मुख्य मुद्द्यांवर तो कायम ठेवला.

निकालाला आपल्याकडे 'अमेरिकन तंगड्यांसाठी दबाव' असे म्हटले गेले, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. तेथे छातीच्या मांसाला मागणी, तंगड्यांना नाही, त्यामुळे त्या स्वस्तात बाहेर विकायच्या, हे त्यांचे जुने गणित आहे. पण कायद्याच्या अंगाने भारताची बाजू खरोखर कमकुवत होती. भारताने धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन सादर केले नव्हते. सौम्य प्रकारासाठी संपूर्ण देशावर बंदी घालण्याची शिफारस जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या संहितेत नव्हती. एखाद्या देशाच्या एका भागात रोग असेल, तर उरलेला भाग रोगमुक्त मानण्याची तरतूद भारताने ठेवली नव्हती. आणि देशांतर्गत रोग सापडला, की आपण स्वतः मर्यादित परिघातच कारवाई करतो. २००६ साली नवापूरभोवती तीन किलोमीटरमधील कोंबड्या मारल्या आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवले. नंतरच्या कृती आराखड्यात मारण्याचा परीघ एक किलोमीटरवर आला. म्हणजे नवापूरसाठी तीन किलोमीटर आणि परक्या देशासाठी अख्खा देश, हे आपल्याला पटवून देता आले नाही.

तमिळनाडूच्या नमक्कलहून ओमान, कतार, मालदीव अशा देशांत अंडी जातात. केरळात किंवा महाराष्ट्रात रोग सापडला की हे देश कधी कधी भारतातूनच आयात थांबवतात, आणि तेव्हा आपण तेच म्हणतो जे अमेरिका आपल्याला म्हणत होती, की रोग एका जिल्ह्यात आहे आणि नमक्कल तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे. या तत्त्वाचा फायदा निर्यातीत हवा असेल, तर आयातीतही ते मान्य करावे लागते.

केळीपट्टा:

वकील साहेब, तत्त्व मान्य. पण एका भागापुरती बंदी सुरक्षित ठरण्यासाठी त्या भागाची सीमा खरोखर बंद असावी लागते. वर व्यापारी बंधूंनी नवापूर-उच्छलचे जे वर्णन केले, ते वाचून आपल्या 'रोगमुक्त जिल्हा' या घोषणेवर दुसऱ्या देशाने का विश्वास ठेवावा?

धुळ्याचा वकील:

म्हणूनच हा विश्वास कागदावर मिळत नाही, तो पाळत ठेवून आणि तपासणीचे आकडे उघड करून कमवावा लागतो. ब्राझीलचे ताजे उदाहरण पाहा. जगातील सर्वांत मोठा कोंबडी निर्यातदार असूनही मे २०२५ पर्यंत त्यांच्या व्यावसायिक फार्मवर बर्ड फ्लू नव्हता. रिओ ग्रांदे दो सुल राज्यातील माँटेनेग्रो येथे तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा चीन आणि युरोपीय संघाने संपूर्ण देशातून माल थांबवला, तर जपानने बंदी त्या स्थानिक क्षेत्रापुरती ठेवली. निर्जंतुकीकरणानंतरचे २८ दिवस कोणताही नवा फार्म बाधित न झाल्यावर जूनमध्ये ब्राझीलने स्वतःला रोगमुक्त जाहीर केले. एकच घटना, एकच अहवाल, आणि तरीही वेगवेगळे निर्णय. जपानने आधीच ब्राझीलशी क्षेत्रनिहाय नियम ठरवून ठेवले होते, हे त्यामागचे कारण.

निवृत्त पशुवैद्यक:

लसीचा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो व्यापाराशीच जोडलेला आहे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली आणि लगेच अमेरिकेने फ्रान्समधील कोंबडीजन्य मालावर निर्बंध घातले. लस दिलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू बाळगू शकतो, ही त्यामागची भीती. तिला शास्त्रीय आधार आहे, मात्र लसीबरोबर नियमित नमुने तपासले तर ती बरीच कमी होते. अनेक देश रोगाच्या भीतीने नव्हे, तर बाजार जाण्याच्या भीतीने लस टाळतात.

तापीकाठ:

केळीपट्टा भाऊंचा पहिला आक्षेप मला आता निम्मा मान्य आहे. विषाणू भारतात पक्ष्यांबरोबर आला असण्याची शक्यता भक्कम दिसते. पण नवापूर, मग जळगाव जिल्हा, मग बऱ्हाणपूर ही रांग तापी खोऱ्यातल्या रस्त्याच्या आणि रेल्वेच्या रांगेशी जुळते. पुरावा म्हणून हे पुरेसे नाही, तपासाची दिशा म्हणून पुरेसे आहे. व्यापारी बंधूंना एक विचारतो: प्लास्टिकचे ट्रे वापरले आणि प्रत्येक फेरीनंतर धुतले, तर कितपत जमेल?

अंडी आणि ट्रे:

मोठ्या फार्मना जमते, काहींनी सुरूही केले आहे. प्लास्टिकचा ट्रे महाग असतो आणि परत येतोच असे नाही, म्हणून लहान व्यापारी त्यासाठी अनामत मागतो आणि किरकोळ दुकानदार ती देत नाही. माझ्या मते पहिली पायरी याहून सोपी आहे. परत आलेला कोणताही ट्रे शेडच्या कुंपणाच्या आत नेऊ नये. अंडी भरण्याची जागा दाराबाहेर ठेवावी आणि गाडीची चाके तिथेच फवारावी. चालकाने शेडमध्ये पाऊल टाकू नये, मग तो ओळखीचा असला तरी. आमच्याकडे एका मालकाने हा नियम लावला, तेव्हा जुने चालक रुसले होते. दुसऱ्याने चहाची सोय फाटकाबाहेर केली, तिथे कोणी रुसले नाही.